शास्त्रीय व्हायोलिन, लोकसंगीत आणि जॅझ : नागपुरात अशी मैफल पहिल्यांदा ऐकायला जाणाऱ्यांसाठी

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की नागपुरातील सभागृहांमध्ये मैफलींचा मोसम सुरू होतो, आणि तो साधारण फेब्रुवारीपर्यंत टिकतो. ख्याल, नाट्यसंगीत आणि गझलेच्या कार्यक्रमांबरोबरच अलीकडे एका वेगळ्या प्रकारच्या मैफलीचे फलकही दिसू लागले आहेत : मध्यभागी शास्त्रीय बाजाचे व्हायोलिन, एका बाजूला तबला आणि संबळ, दुसऱ्या बाजूला गिटार, डबल बेस (खर्जातले मोठे, उभे तंतुवाद्य) आणि ड्रमसेट. अशा मैफलीला जावेसे अनेकांना वाटते, पण "रागदारी कळत नाही आणि जॅझ तर कधी ऐकलेच नाही" म्हणून ते मागे हटतात. या लेखात घरच्या तयारीपासून सभागृहातून बाहेर पडेपर्यंतचा मार्ग क्रमाने सांगितला आहे. रागांची नावे पाठ नसली तरी चालते. सा, ठेका आणि व्हायोलिनवादकाचा गज (तारांवर ओढायची केस लावलेली काठी) या तीन गोष्टींचा माग धरता आला, तर तीन निरनिराळ्या परंपरा एकमेकींजवळ कुठे येतात आणि कुठे दूर राहतात हे पहिल्याच बैठकीत ऐकू येते. माझ्या अनुभवात त्या जवळ येण्या-दूर जाण्यातच अशा मैफलीचा खरा आनंद असतो.

पहिली पायरी : पत्रिका वाचणे

पत्रिकेत तारीख आणि ठिकाणापलीकडे बरेच काही असते. प्रथम वाद्यांची यादी पाहावी. तबल्याबरोबर डबल बेस आणि गिटार असेल, तर जॅझचा भाग विचारपूर्वक रचलेला असण्याची शक्यता जास्त. नुसता कीबोर्ड आणि ड्रमसेट असेल, तर बहुधा त्यात चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाची छाया असेल. तेही ऐकण्यासारखे असू शकते, पण आपण काय ऐकायला जात आहोत हे ठाऊक असावे.

त्यानंतर लोककलेचा उल्लेख कसा केला आहे ते पाहावे. "गोंधळ", "खडी गंमत", "दंडार", "खंजिरी भजन" असे नेमके नाव दिले असेल आणि त्या कलावंताचे नावही इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत छापले असेल, तर आयोजकांनी आणि मुख्य कलाकाराने त्या परंपरेला बरोबरीची जागा दिली आहे असे समजायला हरकत नाही. "आणि लोककलावंत" एवढेच मोघम लिहिलेले असेल, तर लोकसंगीत दोन-चार मिनिटांच्या सजावटीपुरते येण्याची भीती असते. मी हा मुद्दा आग्रहाने मांडतो, कारण या प्रकारच्या मैफलींत सर्वाधिक अन्याय लोककलावंतांवर होतो, आणि तो श्रोत्यांनी ओळखल्याशिवाय थांबणार नाही.

नागपुरातील पुष्कळ कार्यक्रम प्रवेशिकेवर असतात, प्रवेशिका विनामूल्य असली तरी आधी घ्यावी लागते आणि पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात. म्हणून प्रवेशिकेवर "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" असे छापले आहे का, हे पाहून निघण्याची वेळ ठरवावी.

दुसरी पायरी : आठवडाभर आधी घरी ऐकणे

चार संध्याकाळी, रोज अर्धा तास, एवढी तयारी पुरेशी आहे. ऐकण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे.

पहिल्या संध्याकाळी निव्वळ हिंदुस्थानी व्हायोलिन ऐकावे. एन. राजम यांचे वादन सर्वांत सोयीचे, कारण त्यांनी लहानपणी कर्नाटक पद्धतीचे शिक्षण घेतले आणि पुढे गायक पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून गायकी अंग व्हायोलिनवर आणले, त्यामुळे ऐकताना कुणीतरी गात असल्याचा भास होतो. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांचे वादनही त्याच वाटेचे आहे. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांच्या वादनात लयीशी खेळणे अधिक आढळेल. तिघांना एका रांगेत ऐकले की एकाच वाद्याचे तीन स्वभाव कानांवर पडतात. मूळचे युरोपातील हे वाद्य आपल्याकडे रुजले ते आधी दक्षिणेत. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे बंधू बालुस्वामी दीक्षितार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले, असे मानले जाते. व्हायोलिनच्या मानेवर पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या, नसतात, त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाऊ शकते आणि मींड, गमक, मुरकी हे स्वर वळवण्याचे सारे प्रकार त्याला शक्य होते. पेटीला जे कधी जमत नाही, ते या परदेशी वाद्याला जमले.

दुसरी संध्याकाळ जॅझ व्हायोलिनची. स्टेफान ग्रापेली या फ्रेंच वादकाने गिटारवादक जँगो राइनहार्टबरोबर १९३४ साली पॅरिसमध्ये जो पाच जणांचा संच उभारला, त्याची ध्वनिमुद्रणे आजही सहज मिळतात. त्या संचात एक व्हायोलिन, तीन गिटार आणि एक डबल बेस होते, ड्रम नव्हतेच. ठेका दोन गिटारांनी आणि बेसने धरलेला आहे आणि व्हायोलिन त्यावर मोकळेपणी झुलते आहे, हे नवख्या कानालाही स्पष्ट कळते. जॅझ आपल्या प्रदेशाला अगदीच परका आहे असेही नाही. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन संचालकाचा जॅझसंच आला होता, आणि हा ॲबी स्वतः व्हायोलिनवादक होता. पुढे गोव्याच्या वादकांनी हेच वळण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेले, म्हणून जॅझचे नाव न ऐकलेल्या माणसाच्या कानातही त्याचे काही तुकडे आधीपासून असतात.

तिसऱ्या संध्याकाळी दोन्हींचा संगम ऐकावा. एल. सुब्रमण्यम आणि ग्रापेली यांनी १९८० च्या दशकात एकत्र वादन केले, ते शोधावे. कर्नाटक आणि जॅझ परंपरेतील दोन व्हायोलिन शेजारी शेजारी वाजताना गजाच्या वळणातला फरक लगेच लक्षात येतो. त्याआधीच्या दशकात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी व्हायोलिनवादक एल. शंकर, तबलावादक झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती' हा संच उभारला होता. त्या संचाच्या नव्या रूपाला २०२४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते.

चौथी संध्याकाळ आपल्या मातीतल्या सुरांसाठी ठेवावी. ध्वनिमुद्रणांपेक्षा घरातल्या थोरल्यांना गाते करावे, असे मी सुचवीन. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-नागपुरात म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी आजी किंवा मावशीला हमखास येतात. त्यांची चाल चार-पाच स्वरांत फिरते, पुन्हा पुन्हा तीच येते आणि म्हणूनच ती विस्ताराला अतिशय सोयीची असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजनही याच संध्याकाळी ऐकावे. त्याचा उपयोग पुढे ठेका समजून घेताना होईल.

तिसरी पायरी : सा, ठेका आणि रचना ओळखणे

या पायरीवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण सभागृहात गेल्यावर शिकायला सवड मिळत नाही.

आधी सा. शास्त्रीय मैफलीत तंबोरा सुरू झाला की सा ठरतो आणि रागाच्या अखेरीपर्यंत तो हलत नाही. बाकी सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यातून ओळखायचे असतात. जॅझमध्ये गिटार किंवा पियानो स्वरांचे जुडगे वाजवतात, त्यांना कॉर्ड म्हणतात, आणि ते ठरावीक मात्रांनंतर बदलत जातात. त्यामुळे व्हायोलिनने तोच स्वर धरून ठेवला तरी खालचा आधार बदलला की त्या स्वराचा रंग बदलतो. घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कुणाला तरी पेटीवर सा-ग-प एकत्र दाबायला सांगावे आणि आपण पंचम, म्हणजे प, गुणगुणावा. मग पेटीवर तीच बोटे काढून प-नी-रें दाबायला सांगावे. आपला पंचम तोच असतो, पण पहिल्या वेळी तो एखाद्या पायरीवर उभा असल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या वेळी घरी पोहोचल्यासारखा. जॅझमधला अर्धा आनंद या बदलात आहे.

इथेच एक खरी अडचणही येते. पेटी, कीबोर्ड आणि गिटार यांचे स्वर समान बारा भागांत विभागलेले असतात. यातल्या एका भागाचे, म्हणजे अर्धस्वराचे, १०० सेंट मानले, तर कीबोर्डवरचा शुद्ध गंधार (ग) सा पासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याशी मिळवलेला गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो, म्हणजे जवळजवळ १४ सेंट खाली. ऐकायला हा फरक बारीक वाटतो, पण व्हायोलिनवादक भूप रागातला गंधार लांबवत असताना कीबोर्डने तोच गंधार दाबला, तर दोन्ही एकमेकांना घासतात. समजदार संचात अशा वेळी गिटार गंधार वगळून फक्त सा आणि प ठेवते, किंवा काही काळ गप्प बसते. मैफलीत आलापाच्या वेळी गिटारवादक काय करतो हे मी नेहमी पाहतो. त्याचा हात तारांवर शांत असेल, तर हा संच एकमेकांचे ऐकतो याची मला खात्री पटते.

दोन्ही संगीतांत आपोआप जुळणाऱ्या जागाही आहेत. आपला धानी राग, म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हे पाचच स्वर ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ज्या गाण्यातून जॅझ घडले त्याच्या, मुळाशी असतात. जोग रागात चढताना शुद्ध गंधार आणि उतरताना कोमल गंधार येतो, तर ब्लूजचा गायक त्या दोन गंधारांच्या मधल्या जागेवरून मुद्दाम घसरतो. किरवाणीचे स्वर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनर या स्वरसप्तकाशी जुळतात. म्हणून अशा मैफलींत हे राग पुन्हा पुन्हा भेटतात. दरबारीसारखा आंदोलित, म्हणजे हेलकावत लावायच्या, गंधाराचा राग कॉर्डवर बसवणे मात्र फार अवघड असते, आणि कुणी तो प्रयत्न केलाच तर कान देऊन ऐकावे.

आता ठेका. तीनताल सोळा मात्रांचा असतो. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. मांडीवर हात मारून हे चार-पाच वेळा मोजावे. जॅझमधील ब्लूजचे एक आवर्तन बारा मात्रागटांचे असते आणि प्रत्येक गटात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनेही ४८ मात्रांचीच. जॅझमधील दुसरा रूढ साचा बत्तीस मात्रागटांचा, म्हणजे १२८ मात्रांचा असतो, आणि त्यात तीनताल बरोबर आठ वेळा बसतो. तबला आणि ड्रमसेट एकत्र येऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक उतरतात तेव्हा त्यामागे हा हिशोब असतो.

मात्रा सारख्या असल्या तरी वजन वेगळ्या जागी पडते. आपण पहिल्या मात्रेवर मान डोलावतो, तर जॅझचे श्रोते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवतात. हे नवख्याला विचित्र वाटते, पण भजनातला टाळकरी आठवावा : ठेक्याच्या मधल्या जागेवर टाळ उघडणारा टाळकरी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. म्हणूनच चौथ्या संध्याकाळी खंजिरी भजन ऐकायला सांगितले. भजनाला टाळ धरलेला माणूस जॅझची चुटकी पाच मिनिटांत पकडतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

रचनेबद्दल थोडक्यात सांगायचे तर जॅझमध्ये आधी सर्वजण मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक जण त्या चालीच्या चौकटीवर आळीपाळीने उत्स्फूर्त वादन करतो आणि शेवटी मूळ चाल परत येते. बंदिशीचा मुखडा, मधला विस्तार आणि पुन्हा मुखडा या आपल्या क्रमाशी याचे साम्य आहे. लोकगीतातले ध्रुवपदही तेच काम करते.

चौथी पायरी : सभागृह आणि जागा

सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह आणि लक्ष्मीनगर परिसरातील सायंटिफिक सभागृह ही नेहमीची ठिकाणे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात उघड्यावरही कार्यक्रम होतात. मेट्रोने येणाऱ्यांना सीताबर्डी स्थानकावर दोन्ही मार्ग मिळतात, तिथून पुढे ऑटो सोयीचा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी, कारण चांगली मैफल ठरलेल्या वेळेत संपत नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत आणि सत्कार यांत सुरुवातीचा काही वेळ जातो, तरीही जाहीर वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे. त्याचे कारण जागेशी आहे.

पुढच्या दोन-तीन रांगांचा मोह टाळावा. तिथे ड्रमसेट आणि संबळ यांचा आवाज थेट अंगावर येतो, व्हायोलिनचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधून येत असल्यामुळे तो दबतो. ध्वनिव्यवस्थेचे टेबल सभागृहात कुठे मांडले आहे ते पाहावे आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगांत, शक्यतो मध्यभागी बसावे. तिथला तंत्रज्ञ स्वतःच्या कानांना जे ऐकू येते त्यावरूनच सर्व वाद्यांचा तोल साधत असतो, म्हणून त्याच्या जवळच्या श्रोत्याला तो तोल मिळतो. सज्जाच्या खालच्या शेवटच्या रांगा टाळाव्यात. एकदा उशीर झाल्यामुळे मला तशा रांगेत बसावे लागले आणि दीड तासात व्हायोलिनचा मंद्र सप्तक मला जवळजवळ ऐकूच आला नाही. शेजारच्यांना वाटले कलाकारच वरच्या सप्तकात वाजवत आहे.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर शाल न्यावी. डिसेंबरातील रात्री फक्त श्रोते गारठत नाहीत : थंडीने व्हायोलिनच्या धातूच्या तारा आखडून चढतात, आणि दव पडू लागले की डफ, संबळाचे चामडे सैल होऊन उतरते. दोन वाद्ये विरुद्ध दिशांना सरकत असतात. म्हणून मध्येच वादन थांबवून पुन्हा जुळवणी केली, तर चुळबुळ करू नये. जुने डफवादक अशा वेळी शेकोटीवर डफ शेकून घेतात. बंद सभागृहातील कोरड्या हवेत मात्र व्हायोलिनच्या लाकडी खुंट्या आकसून घसरू लागतात.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष मैफलीत

पडदा उघडल्यावर प्रथम बैठक पाहावी. कलाकार मांडी घालून बसला असेल, व्हायोलिनचे डोके त्याच्या उजव्या घोट्यावर टेकलेले आणि दुसरे टोक छातीशी असेल, तर वाद्याचा भार पाय आणि छाती पेलतात आणि डावा हात मानेवर वरपासून खालपर्यंत घसरायला मोकळा राहतो. लांब मींडेचे गुपित या बैठकीत आहे. उभा राहून हनुवटीखाली व्हायोलिन धरणारा वादक पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला असतो, त्याचा गज अधिक उसळता चालतो आणि त्याच्या तारा जी-डी-ए-ई अशा जुळलेल्या असतात, तर आपल्याकडे त्या बहुधा सा आणि प यांच्या जोड्यांत जुळवतात. मंचावर दोन व्हायोलिन ठेवलेली दिसली, तर दोन जुळवण्यांसाठी ती असण्याचा संभव आहे.

जुळवणी सुरू असताना शक्य असल्यास व्हायोलिनच्या घोडीकडे नजर लावावी. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडाचा पातळ, नक्षीदार तुकडा. तिच्या आणि मानेच्या मधल्या जागेत, तारांच्या खाली, पिठासारखी पांढरी पूड साचलेली दिसते. ती राळेची पूड. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, त्यांना राळ घासली नाही तर ते तारेवरून मुके घसरतात. राळेमुळे केस तारेला पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि सेकंदाला शेकडो वेळा होणाऱ्या या पकडण्या-सोडण्यातून सूर निघतो. द्रुत वादनात गजाचा एखादा केस तुटून लोंबू लागतो, आणि दोन ओळींच्या मधल्या श्वासात कलाकार तो झटक्यात तोडून टाकतो.

आलाप सुरू झाला की गजाची गती पाहावी. शास्त्रीय अंगात एकाच लांब ओढीत कितीतरी स्वर गुंफले जातात, गज वळतो तेव्हा ते कळूही नये अशी साधना असते. जॅझकडे वळताना तोच कलाकार गज आखूड करतो, स्वर तोडतो आणि वजन मात्रेच्या मधल्या जागेवर टाकतो. लोकगीताच्या चालीवर तो बऱ्याचदा दोन तारा एकदम वाजवतो, एक तार चाल म्हणते आणि दुसरी तुणतुण्यासारखी सा धरून ठेवते. काही वादक गज तारेवर उभा आपटून ठोक्यासारखा आवाजही काढतात. डोळे मिटून ऐकणे सुंदर असते, परंतु पहिल्या मैफलीत डोळे उघडे ठेवावेत, कारण कोणती परंपरा बोलते आहे हे कानांच्या आधी उजवा हात सांगतो.

लोककलावंत मंचावर आला की मी एकच गोष्ट तपासतो : सा कोणाचा? गोंधळी किंवा शाहीर वरच्या पट्टीत, खुल्या गळ्याने गातो. संचाने त्याला आपल्या सोयीच्या पट्टीत खाली ओढले असेल तर त्याचा आवाज कोंडल्यासारखा येतो. व्हायोलिनवादकाने स्वतःच्या तारा त्याच्या पट्टीला नेऊन जुळवल्या असतील, तर पहिल्याच ओळीला सभागृह भरून जाते. एका मैफलीत मी पाहिले की संबळवादकाने वाकड्या काडीने पहिला घाव घातला, व्हायोलिनवादकाने मान वळवून क्षणभर ऐकले, आपली एक खुंटी किंचित फिरवली आणि मगच गज उचलला. पुढचा पाऊण तास सुंदर झाला, आणि त्याचे बीज त्या एका खुंटीत होते, असे मी आजही मानतो.

वऱ्हाड-झाडीपट्टीच्या श्रोत्यांनी आणखी एक नाते लक्षात ठेवावे. गजाने वाजणारे वाद्य आपल्याकडे व्हायोलिनच्या आधीपासून आहे. गोंड समाजाच्या वंशकथा गाणारे परधान गजाने वाजणारी किंगरी वाजवीत आले आहेत. आणि निवेदकाने "रेला" म्हटले, तर संदर्भ पाहावा : गडचिरोलीकडच्या आदिवासींचे रेला म्हणजे नृत्यगीत, आणि तबल्यातील रेला म्हणजे द्रुत बोलांची सलग रचना. दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडू नये.

मैफलीच्या उत्तरार्धात बहुधा सवाल-जवाब होतो. जॅझमध्येही वादक चार-चार मात्रागट आळीपाळीने वाटून घेतात. याचा दर्जा ओळखण्याची खूण अशी : जवाब देणारा नुसती नक्कल करत असेल तर ती कसरत. सवालातला एखादा तुकडा उचलून तो आपल्या वाद्याच्या स्वभावात बसवत असेल, तर ते संगीत. वेग वाढत जाऊन सर्व वाद्ये एकदम गडगडू लागली की टाळ्या मिळतातच, पण त्या गडगडाटात व्हायोलिन हरवले, तर संचाचा तोल सुटला असे समजावे.

सहावी पायरी : दाद

तीन परंपरांच्या दाद देण्याच्या तीन रीती आहेत आणि नवख्याचा गोंधळ इथे सर्वाधिक होतो. आलापात टाळ्या वाजवू नयेत, एखादी जागा भिडली तर हलक्या आवाजात "वाह" पुरेसे आहे. जॅझच्या भागात एकाचे वादन संपून दुसऱ्याचे सुरू होताना थोडक्यात टाळ्या वाजवणे शिष्टसंमत आहे, पण पुढच्या वादकाच्या पहिल्या ओळीआधी त्या थांबाव्यात. लोकगीताच्या वेळी ठेक्यावर टाळ्या धरायच्या त्या कलाकाराने खूण केल्यावरच. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे, सुरू झाली की हात थांबवावेत, कारण टाळ्यांच्या आवाजात मात्रा हरवली तर समेवर येण्याचा आनंद आपणच गमावतो. सम आली की मनसोक्त दाद द्यावी. भ्रमणध्वनीवर चित्रण करताना पडद्याचा उजेड मागच्या रांगेच्या डोळ्यांत जातो, म्हणून ते टाळावे. लहान मुलांना जरूर आणावे, पण कडेची जागा घ्यावी.

मध्यंतरात चहा-आलुबोंड्यासाठी गर्दी होते. त्या वेळात एखाद्या कागदावर तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : राग कोणता सांगितला, ताल कोणता होता आणि कोणत्या क्षणी अंगावर काटा आला. घरी परतल्यावर त्याच रागातील निव्वळ शास्त्रीय वादन शोधून ऐकले, की मैफलीत काय बदलले होते ते उलगडते.

सातवी पायरी : शिकावेसे वाटले तर

अशा मैफलीनंतर अनेकांना, विशेषतः मुलांना, व्हायोलिन शिकावेसे वाटते. वाद्य विकत घेण्याची घाई करू नये. आधी गुरू ठरवावा, कारण बसून वाजवायचे की उभ्याने, तारा कोणत्या स्वरांत जुळवायच्या आणि गज कसा धरायचा हे तिथेच ठरते, आणि एकदा हाताला लागलेली सवय मोडायला वर्ष जाते. मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे अर्ध्या किंवा पाऊण मापाचे व्हायोलिन लागते, मोठ्यांना पूर्ण मापाचे. आरंभीचे काही महिने फक्त गज सरळ ओढण्यात आणि सा स्थिर लावण्यात जातात. नागपूरच्या मे महिन्यात वाद्य बंद मोटारीत ठेवू नये, उष्णतेने सरस सुटून जोड उकलतात. वाजवून झाल्यावर गजाची ताण सैल करावी, तारांखालची राळेची पूड मऊ कापडाने पुसावी आणि मगच व्हायोलिनची पेटी बंद करावी.